आधी मच्छीमार, मग अभयारण्य

आवडी हे नाव मराठी वाचकांच्या एका पिढीला ठाऊक आहे, ते जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनामुळे. उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखालील त्या अधिवेशनात ‘समाजवादी धर्तीच्या समाजरचने’चा ठराव संमत झाला आणि पुढची काही दशके देशाच्या अर्थकारणाची दिशा त्या ठरावाच्या भाषेत सांगितली गेली. आज आवडी हे चेन्नईच्या पश्चिम वेशीवरचे, रणगाड्यांच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे शहर आहे. मी येथे राहतो. येथून समुद्र दिसत नाही. तो पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. तरीही आमच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्याला किनारा आहे आणि जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पळवेर्काडुचे, म्हणजे इंग्रजांनी ज्याला पुलिकत म्हटले ते खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्या सरोवराकडे मी पुढे येणारच आहे.

आवडीच्या ठरावामागे एक साधी श्रद्धा होती. देशाची नैसर्गिक संपत्ती समाजाच्या हिताची असावी, ही ती श्रद्धा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब)मध्ये ती आधीच नोंदली गेली होती. व्यवहारात मात्र समाज म्हणजे शासन आणि शासन म्हणजे एखादे खाते, असे समीकरण होत गेले. मुंबईतील मालमत्ताधारकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच अनुच्छेदाचा अर्थ लावला, तेव्हा सारी चर्चा खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक संपत्ती’ ठरते काय, याभोवती फिरली. जी संपत्ती निर्विवादपणे समाजाची आहे त्या समुद्राचे काय, असा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

हा प्रश्न आता फार काळ टाळता येणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत भूभागाचा आणि समुद्राचा तीस टक्के हिस्सा संरक्षणाखाली आणण्याचे मान्य केले. भारत त्यांत आहे. भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. त्याचे तीस टक्के म्हणजे सहा लाखांहून अधिक चौरस किलोमीटर पाणी, जवळजवळ दोन महाराष्ट्र. हे उद्दिष्ट जागतिक आहे, प्रत्येक देशाने तंतोतंत तेवढेच करावे असे नाही, हे खरे. परंतु आकडा एकदा समोर ठेवला की तो गाठण्याचा मोह होतो आणि आकडा गाठण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे नकाशावर रेघ ओढणे. विकसनशील देशांच्या किनाऱ्यांवर अशा रेघा पुष्कळ आहेत. त्यांच्या आत काय चालते ते रेघ ओढणाऱ्यांना माहीत नसते आणि रेघ कोठे आहे ते आतल्यांना माहीत नसते. अभ्यासक त्यांना ‘कागदी उद्याने’ म्हणतात.

मराठी वाचकाला याचे उदाहरण पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एप्रिल १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने मालवणच्या समुद्रात अभयारण्य घोषित केले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यांतील ३.१८ चौरस किलोमीटर गाभा, उरलेले त्याभोवतीचे बफर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक येतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ला उभारण्यास घेतला, तेव्हा या खडकांचा उपयोग शत्रूची गलबते दूर ठेवण्यासाठी झाला. त्याच खडकांवर प्रवाळ वाढतात, समुद्री शेवाळ धरते आणि माशांची पिले आश्रयाला येतात. शास्त्राच्या दृष्टीने जागेची निवड चुकलेली नव्हती. चूक दुसरीकडे होती. दांडी, मेढा, राजकोट, धुरीवाडा, वायरी या वस्त्यांच्या दारापुढचे पाणी सरकारी राजपत्रात शिरले आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांच्या हक्कांचे काय करायचे, हे ठरण्याआधीच शिरले.

तेव्हापासून मालवणात ‘अभयारण्य’ या शब्दाभोवती एक धास्ती आहे. आज ना उद्या आपली मासेमारी बंद होणार, ही ती धास्ती. प्रत्यक्षात मासेमारी बंद झाली नाही आणि अभयारण्यही चालले नाही. काही वर्षांपूर्वी मी मालवणला गेलो होतो, तेव्हा एका वयस्क रापणकराने मला विचारले की, जे खाते आमच्या पुढ्यात रात्रभर दिवे लावून मासळी उपसणाऱ्यांना अडवू शकत नाही, ते आम्हालाच समुद्र सोडायला कोणत्या तोंडाने सांगते? मला उत्तर देता आले नाही. मला वाटते, विकसनशील देशांतील सागरी संरक्षणाचा बराचसा तिढा या एका प्रश्नात मावतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि अनेक घरची माणसे मिळून ते ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. रापण कोठे लावायची, कोणाची पाळी, कोणाचा वाटा किती, हे संघाने ठरवायचे. ही एक जिवंत व्यवस्था होती आणि आहे. तिला कायद्याच्या पुस्तकात जागा नव्हती, इतकेच. शासनाने दुसऱ्या बाजूने यांत्रिकीकरणाला अनुदाने आणि कर्जे दिली, त्यातून ट्रॉलर आले. संघर्ष पेटला म्हणून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. मग पर्ससीन जाळी आली. सोमवंशी समितीचा अहवाल झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. पाठोपाठ प्रखर दिव्यांच्या मासेमारीचे पेव फुटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने तिच्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. एवढे होऊनही सिंधुदुर्गात दर हंगामात पारंपरिक मच्छीमार याच मागण्यांसाठी रस्त्यावर येतात. त्यांची मागणी नव्या कायद्याची नसते, आहे तो कायदा पाळला जावा एवढीच असते.

येथे मला चेन्नईची एक गोष्ट आठवते. जानेवारी २०२५ मध्ये शहराच्या किनाऱ्यावर शेकडो ऑलिव्ह रिडले कासवे मृतावस्थेत वाहून आली. शवविच्छेदनाचा रोख ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरण्याकडे होता. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॉलर चालवू नयेत, हा नियम तामिळनाडूच्या १९८३ च्या मासेमारी कायद्यापासून चालत आलेला आहे. तो पाळला असता तर कासवेही वाचली असती आणि लहान होडीवाल्यांची मासळीही. त्यासाठी नव्या अभयारण्याची गरज नव्हती.

मालवणच्या समुद्रात गेल्या दोन दशकांत आणखी एक बदल झाला. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा हे शब्द मालवणी बोलीत रुळले. त्यातून मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना पैसा मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच प्रवाळांवर नांगर पडतात, अनभ्यस्त पाय पडतात. ज्या गाभ्यात जाळे टाकणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, तेथेच नांगर टाकणे हा व्यवसाय ठरतो. होडीचा प्रवासी परवाना एका यंत्रणेकडे, मासेमारीचा दुसऱ्या खात्याकडे, अभयारण्य तिसऱ्याकडे, पर्यटन चौथ्याकडे आणि सुरक्षा पाचव्याकडे. या पाचांना एका टेबलाशी बसवणारे कोणी नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात गेल्या दशकात एक मोठा प्रकल्प राबवला गेला, त्याने हे काही काळ केले. अशा प्रकल्पांचे पैसे संपले की टेबलही उचलले जाते, हा अनुभव आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंतचा आहे.

मी हे सारे बाहेरून बोट दाखवत लिहितो आहे, असा समज होऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अहवालाच्या मसुद्यात मीही ‘मासेमारीमुक्त क्षेत्र वाढवावे’ असे वाक्य लिहिले होते. त्याखाली उपग्रहचित्रे होती, माशांच्या जातींची यादी होती; किनाऱ्यावर एकूण किती कुटुंबे आहेत याचा मात्र उल्लेख नव्हता. कोणी तो विचारलाही नाही. मसुदा बरा मानला गेला.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा निघाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये कलम २६अ आले. प्रादेशिक जलक्षेत्रात अभयारण्य करायचे तर त्याच्या सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षण अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात आणि ‘स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांच्या रक्षणासाठी पुरेसे उपाय’ केल्यानंतरच त्या ठरवाव्यात, असे त्यात म्हटले आहे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी उपाय, मग सीमा. मालवणची अधिसूचना या तरतुदीच्या चार वर्षे आधीची. पण १९९१ नंतरही कोणते उपाय ‘पुरेसे’ आणि ते झाले की नाही हे कोणी ठरवायचे, याची स्पष्टता कायद्याने दिलेली नाही. ओडिशातील गहिरमाथाचे १,४३५ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. तेथे कासवांच्या विणीसाठी दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीला बंदी असते. सात महिने! कासवांसाठी ती आवश्यक असेलही. पण वर्षातील सात महिने ज्याचे काम थांबते, त्याच्या हितसंबंधांचे ‘पुरेसे’ रक्षण कसे होते, याचे उत्तर त्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांना विचारावे लागेल.

तामिळनाडूच्या दक्षिणेला मन्नारच्या आखातात दुसरे चित्र आहे. रामेश्वरमपासून तुतुकुडीपर्यंतची २१ बेटे आणि त्यांभोवतीचा समुद्र १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. १९८९ मध्ये १०,५०० चौरस किलोमीटरांचे जीवावरण क्षेत्र त्याभोवती आखले गेले. चुन्यासाठी प्रवाळ तोडण्याचा धंदा येथे दशकानुदशके चालला आणि त्सुनामीनंतर, २००५ पासून जवळजवळ थांबला. याचे श्रेय पहाऱ्याला जितके, तितकेच प्रवाळ शाबूत असलेल्या किनाऱ्यांचे मोल डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांनाही द्यावे लागेल. या बेटांभोवती छातीएवढ्या पाण्यात बुडी मारून शेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रिया आहेत. उद्यानाच्या नियमांनी त्यांना चोर ठरवले. त्यांनी संघटना बांधली, चर्चा केल्या आणि स्वतःच नियम केले: महिन्यातून बाराच दिवस जायचे, विणीच्या काळात थांबायचे, धातूची अवजारे न वापरता बोटांना कापड गुंडाळून हातानेच शेवाळ तोडायचे. त्यांच्या पुढारी, चिन्नपालम गावच्या लक्ष्मी यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पुरस्कार मिळाला. ज्यांना हाकलण्यासाठी पहारा होता, त्याच स्त्रियांनी उद्यानाचा सर्वांत काटेकोर नियम तयार केला आणि पाळला.

याच धड्यातून की काय, सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूने पाल्क उपसागरात डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र राखीव केले तेव्हा अभयारण्य न करता ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा प्रकार निवडला. यात स्थानिकांशी सल्लामसलत बंधनकारक आहे आणि हक्क हिरावले जात नाहीत. जाळ्यात अडकलेला डुगाँग सोडून देणाऱ्या मच्छीमारांचा वनविभागाने सत्कार केला, हेही योग्य झाले. मात्र कलम ३६ब वाचून पाहावे. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत वनविभाग, ग्रामपंचायती आणि वन्यजीव संस्थांचे प्रतिनिधी असावेत, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचे. मत्स्यव्यवसाय खात्याचे नावच नाही! डुगाँगला आपण समुद्रगाय म्हणतो, तमिळमध्येही ती ‘कडल पसु’ आहे. पण कायदा करणाऱ्यांनी ती इतकी मनावर घ्यावयास नको होती. कायदा अर्थातच जमिनीवरील क्षेत्रांसाठी लिहिलेला आहे आणि तो समुद्रावर तसाच ओढला गेला. समितीचे काम मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देण्याचे. तो मानण्याचे बंधन नाही.

फिलिपिन्समधील आपो बेटाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. १९८२ मध्ये सिलिमन विद्यापीठाचे एंजल अल्काला आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने त्या चिमुकल्या बेटावरील मच्छीमारांनी खडकाचा एक तुकडा मासेमारीविना ठेवायचे ठरवले. पहारा गावकऱ्यांचाच. काही वर्षांत आसपासची मासळी वाढली आणि आपो जगभर आदर्श ठरले. येथवर सर्वांना माहीत असते. १९९४ मध्ये राष्ट्रीय कायद्याखाली आपो ‘संरक्षित क्षेत्र’ झाले आणि व्यवस्थापन स्थानिकांकडून राष्ट्रीय यंत्रणेच्या मंडळाकडे गेले. पर्यटकांकडून मिळणारे शुल्क सरकारी तिजोरीतून फिरून परत येऊ लागले, उशिराने. आपण उभे केलेले आपल्या हातून गेले, अशी भावना गावात रुजली. यशस्वी झालेल्या सामुदायिक व्यवस्थेला सरकारी मान्यता देताना तिची मालकीही काढून घ्यायची, हा विकसनशील शासनांचा आवडता उपकार आहे. पुढे २०११ आणि २०१२ मधल्या चक्रीवादळांनी तेथील राखीव प्रवाळांची मोठी हानी केली. २०१६ च्या उन्हाळ्यात मन्नारमधील प्रवाळ पांढरे पडले, तेही कोणाच्या जाळ्यामुळे नव्हे. तापत्या समुद्राला कोणतीही समिती अडवू शकत नाही, हे मान्य करूनच तिच्याकडून अपेक्षा ठेवाव्यात.

आता पळवेर्काडु. तेथील मच्छीमारांत ‘पाडु’ नावाची पद्धत आहे. कोळंबीच्या चांगल्या जागांवर कोणी कधी जाळे लावायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते आणि पाळी फिरत राहते. समुद्र किंवा सरोवर सर्वांचे असूनही ओरबाडले जाऊ नये, यासाठी माणसांनी शोधलेल्या उत्तम युक्त्यांपैकी ही एक. पण पाडुचा हक्क परंपरेने पट्टिनवर या मच्छीमार जातीपुरता आहे. इरुळ समाजाची माणसे, जी हातांनी कोळंबी वेचून जगतात, आणि नंतर मासेमारीकडे वळलेले दलित त्या चिठ्ठीत नसतात. म्हणून ‘सारे समुदायाकडे सोपवा’ असे मी म्हणणार नाही. समुदाय म्हणजे कोण, हे शासनालाच पाहावे लागेल. यादीत स्त्रिया आहेत काय, उशिरा आलेले आहेत काय, हेही. ट्रॉलरचे मालकही कित्येकदा स्थानिकच असतात, हे मालवण आणि चेन्नई दोन्ही ठिकाणी विसरता येत नाही.

किनाऱ्यापासून दूर जावे तसे प्रश्न बदलतात. कान्होजी आंग्रे यांचे नाव लावलेला आंग्रिया बँक हा प्रवाळपठाराचा भाग विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. प्रादेशिक जलक्षेत्र बारा सागरी मैलांवर संपते, म्हणून वन्यजीव कायद्याखालचे अभयारण्य तेथे होऊ शकत नाही. सागरी क्षेत्रांविषयीच्या १९७६ च्या कायद्याने केंद्राला तेथे विशेष क्षेत्र घोषित करता येते. जानेवारी २०२६ मध्ये अंमलात आलेला खुल्या समुद्राचा आंतरराष्ट्रीय करार त्याला लागू नाही, कारण आंग्रिया आपल्या आर्थिक क्षेत्रात आहे. तेथे रोज पोहोचणारी लहान होडी नाही, मोठ्या नौका आहेत. तीस टक्क्यांचा आकडा गाठायचाच असेल तर अशा जागांपासून सुरुवात करावी, कारण तेथे राखण्याचा भार मोठ्या भांडवलावर पडतो. सोपे म्हणून किनाऱ्यावरचे पाणी आधी घ्यायचे आणि अवघड म्हणून खोल समुद्र नंतर, हा आजवरचा क्रम उलटा आहे.

एप्रिल २०२७ मध्ये मालवणच्या अभयारण्याला चाळीस वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत राज्य शासनाला काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक पूर्ण हंगाम दिव्यांची आणि बेकायदा पर्ससीनची मासेमारी मालवणच्या समोरच्या पाण्यात खरोखर थांबवून दाखवावी. त्यानंतर रापण संघ, लहान होडीवाले, मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि पर्यटनावर जगणारे तरुण यांच्यासह गाभ्याच्या सीमा नव्याने आखाव्यात. त्या लहान झाल्या तरी चालतील. प्रत्येक स्नॉर्केलिंग तिकिटामागे ठरलेली रक्कम तिजोरीत न जाता थेट स्थानिक समितीकडे जावी आणि नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये बसवणे, गस्तीच्या होडीचे डिझेल भरणे हे त्या पैशातून व्हावे. समितीच्या ठरावाला सल्ल्याहून अधिक वजन असावे, यासाठी कलम ३६ब मध्ये मत्स्यव्यवसाय खात्याचे आणि मच्छीमारांचे नाव घालणारी छोटी दुरुस्ती संसदेने करावी. तिला फार वेळ लागणार नाही. पाल्क उपसागराच्या समितीलाही तिचा उपयोग होईल.

मी पुन्हा मालवणला जाईन तेव्हा त्या रापणकराला शोधण्याचा प्रयत्न करीन. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे की नाही, हे त्याला राजपत्र वाचून कळणार नाही. रात्री किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजावर किती दिवे दिसतात, ते मोजून कळेल.